मुक्तस्रोत चित्रकला-सॉफ्टवेअरसाठी निधी कसा उभारावा

चित्रकला, रेखांकन किंवा त्रिमितीय ॲनिमेशनचे मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो असे) सॉफ्टवेअर घडवणाऱ्या गटाने पैशांची मागणी डेव्हलपरच्या महिन्यांत मोजावी. ‘आमच्या प्रकल्पाला मदत करा’ या आवाहनावर फारसे काही जमत नाही. एका व्यक्तीच्या सहा महिन्यांच्या पगारासाठी अमुक रक्कम लागेल आणि त्यातून अमुक काम पूर्ण होईल असे सांगितले, तर देणारा विचार करतो.

ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर त्याचे मूळ निर्माते टॉन रूझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलून १,००,००० युरोंच्या बदल्यात सोर्स कोड खुला करण्याचे ठरवले. ही रक्कम सात आठवड्यांत जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. किती पैसे हवेत आणि ते जमल्यावर काय होईल, हे दोन्ही देणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. मात्र एका मोहिमेतून केवळ सुरुवात होते, पुढच्या वर्षांचा पगार निघत नाही.

मोहिमेचे अंदाजपत्रक करताना प्रत्येक सुविधेचे सुटे भाग पाडावेत. समजा, चित्रात देवनागरी मजकूर नीट उमटवायचा आहे. जोडाक्षरांची मांडणी हार्फबझसारख्या मुक्त लायब्ररीकडे (तयार कोडच्या संचाकडे) सोपवता येते, परंतु ‘क्ष’वर कर्सर कुठे थांबावा, वेलांटी अक्षराआधी दिसत असताना खोडताना आधी काय जावे, फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर मांडणी तशीच राहते का, हे प्रश्न उरतातच, आणि माझ्या मते खरा वेळ त्यांतच जातो. म्हणून प्रत्येक भागासमोर आठवडे लिहावेत आणि एकूण वेळेचा निदान तिसरा हिस्सा बग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. २०१४ मध्ये कृता या चित्रकला-सॉफ्टवेअरने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १५,००० युरोंचे उद्दिष्ट ठेवले होते आणि सुमारे २०,००० युरो जमले. इतक्या रकमेत मोठा संघ पोसला जात नाही, पण कामाचा एक टप्पा पार पडतो. संकेतस्थळाचे कमिशन, कर आणि देणगीदारांना पाठवायच्या भेटवस्तूंचे टपाल यांचा खर्च आधीच वजा करावा. टी-शर्ट वाटण्याचा मोह टाळलेला बरा.

पैसा कोणाच्या खात्यात येणार, हे मोहिमेपूर्वीच निश्चित करावे. ब्लेंडर आणि कृता यांच्यामागे नेदरलँड्समध्ये नोंदलेली प्रतिष्ठाने आहेत. इंकस्केप या रेखांकन-सॉफ्टवेअरचा व्यवहार सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते, तर गिंप या चित्रसंपादन-सॉफ्टवेअरसाठीच्या देणग्या ग्नोम फाउंडेशन या तशाच संस्थेकडे जातात. स्वतःची संस्था काढणे नेहमीच शहाणपणाचे नसते. भारतात विश्वस्त संस्थेला परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे पुण्यातल्या चार-पाच जणांच्या गटाने घाईने ट्रस्ट काढण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. देशातच अर्ज करायचा असल्यास झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलेला फ्लॉस/फंड हा मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीचा निधी आहे. त्यातून दरवर्षी एकूण १० लाख डॉलर देण्याचे ठरले असून एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर मिळू शकतात. अर्जासाठी प्रकल्पाची आर्थिक गरज नमूद करणारी ‘फंडिंग डॉट जेसन’ ही फाइल तयार करावी लागते.

त्यानंतर मासिक वर्गणीकडे वळावे. थोडी परंतु नियमित येणारी वर्गणी असेल तरच डेव्हलपरला वर्षभराचा शब्द देता येतो. २०१९ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने ब्लेंडरला तीन वर्षांत मिळून १२ लाख डॉलर देण्याचे जाहीर केले, पण तोवर ब्लेंडरचा वर्गणीवर चालणारा विकासनिधी उभा होता. लहान प्रकल्पाने एकाच मोठ्या देणगीदाराच्या भरवशावर माणसे नेमू नयेत.

विकासाची दिशा ठरवताना कोणती सुविधा हवी यावर मतदान घेण्यापेक्षा प्रत्यक्ष काम अधिक उपयोगी पडते. २००६ च्या ‘एलिफंट्स ड्रीम’पासून ब्लेंडरच्या चमूने स्वतःच लघुपट बनवले, त्यामुळे कलाकाराला अडलेली गोष्ट लगेच डेव्हलपरपर्यंत पोहोचली. लघुपट परवडत नसेल, तर एका चित्रकाराला महिनाभराचे मानधन देऊन वीस पानांची चित्रकथा त्याच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण करून घ्यावी आणि त्याने नोंदवलेल्या अडचणींची यादी पुढच्या अंदाजपत्रकाला जोडावी.