बेवारस पिशवी, अनोळखी माणूस अन् गावचा पोलीस पाटील

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील. टीव्हीवर बॉम्बस्फोटाची बातमी आली की दुसऱ्या दिवशी पारावर हटकून विचारतात, “पाटीलबाई, आपल्याइकडं काही व्हईन का हो?” 1 जून 2006 ला नागपुरात संघाच्या मुख्यालयावर हल्ला झाला, तिन्ही हल्लेखोर तिथंच मारले गेले. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात 15 पोलीस अन् गाडीचा चालक गेले, पण तो गडचिरोलीचा नक्षली भाग. आमच्या कापूसपट्ट्यात धोका कमी आहे. म्हणून उगाच घाबरायचं नाही, फक्त काय करायचं ते ठाऊक पाहिजे.

बाजाराच्या दिवशी स्टँडवर बेवारस पिशवी दिसली तर आधी मोठ्यानं विचारा, कोणाची आहे. बहुतेक वेळा मालक टपरीवर चहा पीत असतो. कोणीच आलं नाही तर हात लावू नका, लाथ मारू नका, पाणी ओतू नका. माणसं शंभर मीटर तरी मागं न्या, पक्क्या भिंतीआड. उभ्या गाड्या अन् काचांजवळ कोणी थांबायचं नाही. फोन दूर जाऊन लावा, पोलिसांच्या मदतीचा 112. बॉम्बशोधक पथक जिल्ह्याहून येतं, वेळ लागतो. तोवर बघ्यांना आवरणं हेच खरं काम.

माझ्या मते गावात स्फोटाची खरी भीती विहिरीच्या ब्लास्टिंगची. उरलेली जिलेटिनची कांडी घरात ठेवायची नाही, परवानेवाल्यानं परत न्यायची. न फुटलेला डिटोनेटर, म्हणजे कांडी उडवायची नळी, मलब्यात राहतो अन् पहिल्या पावसानं माती वाहिली की वर येतो. बोटाएवढी चकचकीत नळी, तिला दोन रंगीत वायरी. शेळ्या चारणारी पोरं ती खेळायला उचलतात, सेलला लावून पाहतात. बोटं जातात, डोळे जातात. दिसली तर तिथंच राहू द्या. दहा पावलांवर तुराटी रोवून चिंधी बांधा, एक मोठा माणूस लांबून राखणीला ठेवा अन् ठाणेदारांना कळवा.

आता अनोळखी माणूस. भिक्षा मागणारे मसणजोगी येतात, पोलिसाचं सोंग घेऊन रायरंद, म्हणजे बहुरूपी, येतो. नागपूरच्या हल्लेखोरांकडं लाल दिव्याची गाडी होती, तेव्हा पेहरावावरून काहीच ठरवू नका. बसवा, पाणी द्या, नाव-गाव विचारा, कोणाकडं आला ते विचारा. गाडीचा नंबर लिहा. झडती घेणं आपलं काम नाही. पटलं नाही तर जाऊ द्या अन् वर्णन ठाण्यात कळवा. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. ते निरपराध होते. म्हणून ज्या मेसेजमधे गाव, तारीख, ठाणं नाही, तो पुढं ढकलायचा नाही. पाठवणाऱ्यालाच विचारा, तुला कोणी सांगितलं.

112 वर फोन उचलणारा तुमच्या ठाण्यातला नसतो. त्याला तालुका-जिल्हा आधी सांगा, मग गाव, खुर्द की बुद्रुक तेही, अन् जवळचा फाटा.