कॉलचा आवाज तुटतोय? राउटरमध्ये प्राधान्य लावताना या चुका टाळा

द्राक्ष निर्यातीचा हंगाम लागला की दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसचे फोन दिवसभर चालू असतात. रॉटरडॅमचा खरेदीदार कंटेनरचं तापमान विचारतो आणि उत्तरातला ‘मायनस’ नेमका वाटेत गळतो. नाशिक शहरात अंबडच्या कारखान्यात, कॉलेज रोडवरच्या सीएच्या ऑफिसात, मुलगी अमेरिकेत असलेल्या इंदिरानगरच्या घरातही तक्रार तीच: प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे, मग आवाज का तुटतो?

कारण कॉलला वेग फारसा लागतच नाही. ऑफिसच्या आयपी फोनवर साधारणपणे चालणारा जी.७११ हा कोडेक (आवाजाचा डेटा बनवणारी पद्धत) सेकंदाला ५० छोटी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवतो. पॅकेटवरचे पत्त्याचे सगळे हेडर धरून हे काम एका दिशेला ८० ते ९० केबीपीएसमध्ये भागतं, म्हणजे दहा कॉल मिळून एक एमबीपीएससुद्धा होत नाही. कॉलला लागतो तो वेळेवरचा प्रवास. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. आता समजा तुमचा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि कोणीतरी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवल्यामुळे वाटेतल्या बफरमध्ये (पॅकेट थांबण्याच्या जागेत) एक मेगाबाइट साठलाय. तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. तुमचं वाक्य तेवढा वेळ त्याच्या मागे उभं राहतं.

राउटरमधलं क्यूओएस, म्हणजे प्राधान्य ठरवायची सेटिंग, ही रांग लावायचं काम करतं. ते वेग वाढवत नाही, कोण आधी जाणार एवढंच ठरवतं. आणि रांग तुमच्या स्वतःच्या राउटरमध्ये लागली तरच त्याला ते ठरवता येतं. बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

मर्यादा न घालता प्राधान्य देणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. राउटरमध्ये ‘व्हॉइस: हाय’ निवडलं, सेव्ह केलं, फरक शून्य. राउटरपासून ऑपरेटरच्या ओएनयूपर्यंतची (फायबर जिथे येऊन संपते त्या डब्यापर्यंतची) केबल शंभर एमबीपीएसची किंवा एक गिगाबिटची असते, त्यामुळे राउटर सगळं भराभर पुढे ढकलून मोकळा होतो. खरी कोंडी ओएनयूमध्ये किंवा त्याच्याही पुढे होते आणि तिथे तुमचे नियम चालत नाहीत. द्वारका चौकात अडकलेल्या अँब्युलन्सला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वाट करून देऊन उपयोग नसतो, तसंच हे.

म्हणून आधी मोजा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि ऑफिस भरलेलं असताना, वेगवेगळ्या वेळी, दोन्ही दिशांचा वेग बघा. मिळालेल्या आकड्यांपैकी कमीतला धरा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के ही मर्यादा क्यूओएसमध्ये भरा. ४० मिळत असेल तर ३४ ते ३६. हा थोडा वेग हातचा सोडताना अनेकांचा जीव वर-खाली होतो, पण त्याच किमतीत रांग तुमच्या ताब्यात येते. अपलोडची मर्यादा आधी लावा, कारण बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरच राउटरचा पूर्ण ताबा असतो. आत येणारी पॅकेट ऑपरेटरकडची रांग ओलांडूनच आलेली असतात. तिथे राउटर काही पॅकेट अडवून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावतो, म्हणून तो परिणाम थोडा कमजोर असतो.

एककाकडे नीट बघा. पुष्कळ राउटर हा आकडा केबीपीएसमध्ये मागतात. ३६ एमबीपीएससाठी ३६००० लिहायच्या जागी ३६ लिहिलं की सगळं ऑफिस ठप्प होतं.

हा आकडा एकदा भरून विसरायचाही नाही. प्लॅन ४० वरून १०० वर नेला आणि मर्यादा ३६ वरच राहिली, तर दोष ऑपरेटरला लागतो. उलट बाजूची अडचण जास्त त्रासदायक: महिनाअखेरी एफयूपी (पूर्ण वेगाने वापरायच्या डेटाची मर्यादा) संपून वेग घसरला की ३६ची मर्यादा निरर्थक होते आणि कोंडी पुन्हा बाहेर जाते. रस्ता खोदताना फायबर तुटली आणि राउटर आपोआप फोर-जी डोंगलवर गेला, तरी हेच घडतं. फोर-जीचा वेग सतत बदलतो, तिथे ठरावीक मर्यादा नीट बसत नाही. त्या दिवसापुरते क्लाउड बॅकअप आणि कॅमेरे थांबवणं हा जास्त खात्रीचा उपाय.

एका ऑफिसात दोन वाय-फाय

नाशिकच्या छोट्या ऑफिसांत हे हमखास दिसतं. ऑपरेटरच्या ओएनयूचं स्वतःचं वाय-फाय चालू असतं, त्याच्यापुढे तुमचा चांगला राउटर. निम्मा स्टाफ पहिल्यावर, निम्मा दुसऱ्यावर. पहिल्या वाय-फायवरून चाललेली अपलोड तुमच्या राउटरला दिसतच नाही, मग तो तिला मागे कसा ठेवणार? ओएनयूचं वाय-फाय बंद करा आणि ऑपरेटरला तो ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे तो नुसता डेटा पुढे देईल आणि राउटरचं काम तुमचाच राउटर करेल. नॅट, म्हणजे आतल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर, दोनदा होण्याचा (डबल नॅटचा) त्रासही त्यात जातो.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर कुठे जोडलाय, तेही बघा. मालक घरून मोबाइलवर चार कॅमेरे मेन स्ट्रीमवर (पूर्ण दर्जाच्या चित्रात) बघत बसले आणि प्रत्येकाचे दोन एमबीपीएस धरले, तर आठ एमबीपीएस अपलोड तिथेच गेला. मोबाइलसाठी सब-स्ट्रीम (हलकं चित्र) लावा आणि डीव्हीआरला सगळ्यात खालचं प्राधान्य द्या.

चुकीच्या गोष्टीला पुढे पाठवणं

एसआयपी या कॉल जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा ५०६० हा पोर्ट ‘हाय’ केला म्हणजे काम झालं, असं पुष्कळ जण समजतात. त्या पोर्टवरून फक्त घंटी वाजवणं, कॉल जोडणं आणि तोडणं चालतं. आवाज जातो आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवरून, वेगळ्या यूडीपी पोर्टवर. अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ईपीबीएक्समध्ये (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये) त्या पोर्टची श्रेणी बहुधा १०००० ते २०००० असते. तुमच्या प्रोव्हायडरची विचारून घ्या. आयपी फोन आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण टाकत असेल तर नियम त्या खुणेवर बांधणं सोपं. मात्र खुणेचा भरवसा राउटरपर्यंतच धरा, पुढे ऑपरेटर ती पुसू शकतो.

मोबाइलचं वाय-फाय कॉलिंग वेगळं चालतं. तो कॉल बंद बोगद्यातून यूडीपी ४५०० वरून जातो, आतलं एसआयपी किंवा आरटीपी राउटरला दिसत नाही. जुन्या नाशकातल्या जाड भिंतींच्या वाड्यात, जिथे मोबाइलची रेंज मिळत नाही, तिथे यूडीपी ४५०० ला प्राधान्य देणारा एक नियम फार उपयोगी पडतो.

टेबलावरच्या आयपी फोनला अख्खं प्राधान्य द्यायला हरकत नाही, फक्त त्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा. लॅपटॉपला मात्र असं देऊ नका, कारण मीटिंगबरोबर त्याच्यावरची फाइल सिंकही पुढे घुसते. मोबाइलवर मॅक पत्त्याने (उपकरणाच्या स्वतःच्या नेटवर्क पत्त्याने) नियम लावला असेल, तर अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून आलेला बदलता मॅक त्या नेटवर्कपुरता बंद करा. आणि साहेबांचा लॅपटॉप, टीव्ही, अकाउंटचा पीसी असं सगळंच ‘हाय’ केलं की काहीच ‘हाय’ उरत नाही.

नियम बरोबर असूनही लागू होत नसतील तर हार्डवेअर नॅट किंवा फ्लो ऑफलोड हे पॅकेट झटपट पुढे काढणारे शॉर्टकट चालू आहे का ते बघा, कारण त्या मार्गाने गेलेली पॅकेट रांगेला वळसा घालतात. मायक्रोटिकच्या राउटरवर फास्टट्रॅक हा शॉर्टकट चालू असताना सिंपल क्यू ही रांग अशीच बाजूला पडते. राउटरमध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल या रांग आपोआप सांभाळणाऱ्या पद्धती असतील तर मी आधी तेच लावा म्हणेन. नुसती योग्य मर्यादा भरून बहुतेक ऑफिसांचं काम भागतं, पोर्टची यादी लिहावीच लागत नाही.

दुखणं भलतंच, औषध क्यूओएसचं

एकाच बाजूने आवाज येतो, किंवा कॉल जोडल्यावर साधारण ३२ सेकंदांनी दर वेळी तुटतो? हे नॅटचं दुखणं. राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपीच्या पॅकेटमधले पत्ते बदलणारी सोय) बंद करून बघा. बाहेर जाणारे कॉल लागतात पण येणारे काही वेळाने वाजेनासे होतात, तर फोनमधलं कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारे छोटे संदेश) चालू करा. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर आधी समोरच्याचा स्पीकर आणि माइक तपासा.

वाय-फायचा दोषही क्यूओएसच्या माथी मारला जातो. मोबाइलवरून किंवा लॅपटॉपवरून थेट राउटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. तिथेच आकडा ३ वरून २०० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल, तर इंटरनेटचा संबंधच नाही. ५ गिगाहर्ट्झवर जा, आयपी फोनला केबल द्या आणि डब्ल्यूएमएम, म्हणजे वाय-फायमधलं आवाजाचं प्राधान्य, बंद करू नका.

राउटरपर्यंत पिंग स्थिर असेल तर केबलवरच्या लॅपटॉपवरून ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला पिंग लावा आणि दुसऱ्या मशीनवरून मोठी फाइल चढवा. आकडा वाढला तर मर्यादा आणखी खाली आणा, तो स्थिरावेपर्यंत. कोणीही काही चढवत नसताना, रात्रीसुद्धा, पॅकेट गळत असतील तर राउटरला हात लावू नका. त्या पिंगचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ऑपरेटरकडे पाठवा आणि ओएनयूला मिळणारी ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) तपासायला सांगा.