रविवारचा खिमा, गुरुवारचं भरीत : अमेरिकेत नव्याने आलेल्या खान्देशी मंडळींसाठी

ऑगस्ट उजाडला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची नवी पोरं-पोरी इकडे शिकायला उतरतात. बॅगेत बिबडे, कुरडया, शेव, लसणाची चटणी आणि घरच्या काळ्या मसाल्याची बरणी असते. सप्टेंबर संपेपर्यंत बॅग रिकामी होते, असाइनमेंटचा मारा सुरू होतो आणि मग फोन येतो, "दादा, रोजचं जेवण जमवायचं कसं?" बाहेरचं रोज परवडत नाही आणि रात्री दहाला लॅबमधून आल्यावर भाकरी थापायला अंगात त्राण नसतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. रविवारी दोन-अडीच तास काढा, आठवड्याचे डबे एकदम भरा. इथे याला मील प्रेप म्हणतात. एका डब्यात थोडं धान्य, भरपूर भाजी आणि वर टर्कीचा खिमा, असा हा बाउल असतो.

टर्की आपल्याकडे कोणी खाल्लेली नसते. कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी, मूळचा उत्तर अमेरिकेतलाच. मी राहतो ते मिनेसोटा राज्य टर्कीच्या उत्पादनात देशात पहिलं, त्यामुळे इथे तर ती कुठल्याही दुकानात मिळते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं, त्या सुमारास अख्खी गोठवलेली टर्की स्वस्त होते आणि नवखी मंडळी हुरळून बारा पौंडांचा पक्षी उचलून आणतात. तो फ्रीजमध्ये नुसता सुटायलाच तीन दिवस लागतात. दोन माणसांच्या घरात त्या भानगडीत पडू नका, तयार खिमाच घ्या.

खिम्याच्या पाकिटावर "९३/७" असं लिहिलेलं असतं. म्हणजे ९३ टक्के मांस, ७ टक्के चरबी. आपल्या कामाला हेच बरं. ९९ टक्केवालं छातीचं मांस वाचून छान वाटतं, पण दुसऱ्यांदा गरम केलं की त्याचा भुसा होतो. ८५/१५ चवीला चांगलं, फक्त आठवडाभर दुपारी तेच खायचं तर जड जातं. ९३/७ च्या चार औंसांत, म्हणजे सुमारे ११२ ग्रॅम कच्च्या खिम्यात, २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात. एका डब्याला तेवढं पुरे. आपण पोट भाकरी-भातानेच भरतो आणि डाळ वाटीभर घेतो, म्हणून इथे आल्यावर वजन वाढूनही दुपारी तीनला भूक लागते. या डब्याने ती तक्रार बरीच कमी होते.

लेबल नीट वाचा. टर्कीचा, गाईचा आणि डुकराचा खिमा एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेला असतो, ट्रे सारखेच, प्लास्टिकही सारखंच. काही पाकिटांत दोन-तीन मांसं मिसळलेलीही असतात. टर्कीच्या सॉसेजचं वरचं आवरण डुकराचं असू शकतं, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनी तिथे मागची बाजू वाचावीच. हलाल लागतं त्यांना हलाल दुकानात विचारता येईल. "सोल्युशन" घातलेलं मांस असेल तर त्यात मीठ आधीच असतं, मग हात आखडता ठेवा.

आणि ज्यांच्या गळ्यात माळ आहे किंवा घरीच चालत नाही, त्यांनी खिम्याच्या जागी सोया ग्रॅन्युल्स किंवा कुस्करलेला घट्ट टोफू घ्यावा. बाकी सगळं हेच. रूममेट शाकाहारी असेल तर तवा, कढई, पाट, सुरी वेगळी ठेवा आणि हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. घरमालकाशी भांडणं क्वचित होतात, रूममेटशी कढईवरून हमखास.

आता हिशोब. दोन पौंड खिम्याचे चार-चार औंसांचे आठ डबे होतात. दोघे रूममेट असाल तर प्रत्येकी चार : सोमवार, मंगळवार, बुधवार फ्रीजमधले, चौथा फ्रीजरमध्ये टाकून शुक्रवारी. शिजवलेलं मांस फ्रीजमध्ये तीन ते चार दिवसच ठेवावं असा इथला अधिकृत नियम आहे, त्यामुळे रविवारी केलेलं बुधवारी संपलेलं बरं. गुरुवार आपल्याकडे अनेकांचा तसाही वाराचा असतो. फ्रीजचा नियम आणि घरचा वार असे आपोआप जुळतात, मला तरी ही रचना फार आवडते. सोमवार पाळत असाल तर तो डबाही फ्रीजरमध्ये टाकून पुढे सरकवा. श्रावणात आठवडाभर सोयाच.

कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांवर ठेवायचा नाही. शनिवारी संध्याकाळी आणा, रविवारी शिजवा. सगळ्यांत खालच्या फळीवर, ट्रेखाली एखादी ताटली ठेवून, म्हणजे त्याचं पाणी रूममेटच्या कोथिंबिरीवर गळणार नाही. गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा. ओट्यावर दिवसभर सुटायला ठेवू नका.

एक सवय मात्र मोडावी लागेल, मांस धुण्याची. आपल्याकडे मटण दोन-तीन पाण्यांतून काढून हळद लावल्याशिवाय कोणी चुलीवर चढवत नाही. इथला पॅकबंद खिमा धुवायचा नसतो, आणि खिमा धुणार तरी कसा! नळाखाली धरलं की शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या ताटांवर उडतात, जंतू पसरतात. ते उष्णतेनेच मरतात : टर्की आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस व्हायला हवी. रंगावर जाऊ नका, पूर्ण शिजूनही टर्की कधी कधी गुलाबीच दिसते. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या, खिम्याचा कढईतच ढीग करा आणि मध्ये खुपसून बघा. घरी कळलं तर हसतील, हसू द्या.

करायची रीत सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. टर्कीला स्वतःची चव फार कमी. मटणासारखा रस्सा करायला गेलात तर पाण्यात तरंगणारे पांढरे गोळे हाती येतात आणि दोष मसाल्याला जातो. तिला सुक्यातच करायचं. मोठ्यात मोठं पसरट पॅन चांगलं तापवा, दोन चमचे तेल, त्यावर खिमा पसरून चमच्याने दाबा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. हे सगळ्यांत कठीण, आपला हात सारखा परतायला जातो. खालची बाजू तांबूस झाली की मोठे मोठे तुकडे उलटा. पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या. खदखद थांबून चरचर ऐकू आली की पाणी आटलं असं समजा. पॅन लहान असेल तर एकेक पौंड दोनदा करा, एकदम कोंबलंत तर खिमा वाफेवर उकडतो.

मग खिमा बाजूला काढून त्याच पॅनमध्ये बारीक चिरलेले दोन मोठे कांदे तांबूस करा, आलं-लसूण घाला, हळद, आणि दोन पौंडांना दीड-दोन मोठे चमचे घरचा काळा मसाला. मसाला कोरडा टाकला तर खोबरं लगेच करपतं, म्हणून सोबत पाण्याचा हबका मारा. खिमा परत घाला, मीठ, दोन-तीन चमचे दाण्याचं कूट, पाच मिनिटं झाकण. दाण्याच्या कुटाने खिमा धरून राहतो आणि गरम करताना सुकत नाही. फक्त ऑफिसात किंवा घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर कूट वगळा, इथे हा विषय गंभीर असतो. लिंबू आणि कोथिंबीर खाताना. दुकानातलं टॅको सीझनिंगचं पाकीट मारण्यापेक्षा हे कधीही चांगलं, त्या पाकिटात मिठाचाच भरणा जास्त.

धान्याच्या जागी सगळे भात घेतात. भात फ्रीजमध्ये कडक होतो, आणि शिजवून बाहेर तासन्‌तास राहिला तर पोट बिघडवतो. आपण ज्वारीवाले लोक, तेव्हा अख्खी ज्वारीच घ्या. इंडियन ग्रोसरीत मिळते, अमेरिकन दुकानात "सोर्गम" नावाने असते. रात्रभर भिजवा, कुकरला मऊ शिजवा, पाणी निथळा. दाणा टचटचीत राहतो, चौथ्या दिवशीही लगदा होत नाही. तोंडात चावायला काहीतरी असल्याने माणूस सावकाश खातो. कळण्याच्या भाकरीची भूक मात्र ही भागवत नाही, ती शनिवारी थापा.

भाज्या ओव्हनमध्ये. ब्रोकोली, गाजर, ढोबळी मिरची, फरसबी, रताळं, जे स्वस्त असेल ते एका मापाचं चिरून तेल-मीठ चोळा आणि ४२५ फॅरनहाइटवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. रताळ्याला, गाजराला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून ती आधी आत घाला. ट्रेमध्ये एकच थर. झुकिनी बघायला आपल्या काकडीसारखी आणि स्वस्त, पण दोन दिवसांत पाणी सोडून डबा बिघडवते, ती त्याच दिवशी खायला ठेवा. पालक शिजवू नका, कच्चाच डब्याच्या तळाशी घाला, गरम करताना तो आपोआप बसतो. गोठवलेले मटार, मका यांना कमी लेखू नका, हिवाळ्यात ताज्या भाजीपेक्षा तेच बरे असतात.

ओव्हन तापलेलाच आहे तर वेगळ्या ट्रेमध्ये दोन मोठी वांगी टोचे मारून ठेवा. इथलं वांगं जांभळं-काळं, आपल्या भरिताच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याची सर त्याला नाही आणि कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा धूरही त्यात उतरत नाही. पण गर हाताला लागतो. पाऊणेक तासात वांगं खचलं की साल काढून गर डब्यात भरा. बुधवारी रात्री त्यात तेलात परतलेली हिरवी मिरची-लसूण, चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, दाणे घातले की गुरुवारचा डबा झाला. पातीला इथे "ग्रीन अनियन" म्हणा, मिळते.

डबे भरताना घाई नडते. गरम खिमा झाकण लावून फ्रीजमध्ये टाकला तर मध्यभागी तो तासन्‌तास कोमट राहतो, आणि कोमटपणातच जंतू वाढतात. पसरट ताटलीत काढा, वाफ जाऊ द्या, डबे भरा आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेच पाहिजेत. रात्रभर ओट्यावर राहिलेलं सकाळी उकळलं तरी खाऊ नका. फ्रीज ४० फॅरनहाइट किंवा त्याखाली असावा. भाड्याच्या घरातले जुने फ्रीज कुठे धरतात, कुठे नाही, म्हणून एकदा तपासून बघा.

व्हिडिओ कॉलवर आई विचारणार, "जेवण व्हयनं का?" आणि तुम्ही डबा दाखवला की पुढचं वाक्य येणार, चार दिवसांचं शिळं खातोस? तिचं चुकत नाही. भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो, तिथे सकाळचं कालवण संध्याकाळी आंबतं. शिळ्याबद्दलचा तिचा कायदा त्या हवेने घडवलेला आहे. तिला थंड तापमान समजावत बसण्यापेक्षा शुक्रवारचा डबा फ्रीजरमधून काढताना दाखवा, बर्फ पाहून समाधान होतं. त्यातून नाहीच झालं तर तिच्या हातचा मसाला घातलाय म्हणून सांगा.

शुक्रवारचा डबा गुरुवारी रात्रीच फ्रीजमध्ये उतरवा. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडा, झाकण तिरपं ठेवा, अर्ध्यात ढवळा आणि चांगली वाफ येईपर्यंत तापवा. लॅबच्या मायक्रोवेव्हमध्ये काळ्या मसाल्याचा वास कॉरिडॉरभर जातो. त्याची लाज बाळगायची गरज नाही, फक्त आतला शिंतोडा पुसून या, बोलणारे सहसा त्यावरच बोलतात. दही, कच्चा कांदा, ठेचा वेगळ्या छोट्या डबीत न्या. शेव तर अगदी खाताना घाला. सोमवारी ठेचा, मंगळवारी दही, बुधवारी शेव आणि लिंबू असं केलं की एकच खिमा तीन दिवस वेगळा लागतो. कंटाळा आला म्हणून डबे फेकून देणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि बहुतेकांनी वरून काहीच बदललेलं नसतं.

राहिला मसाला. तो घरूनच आणा, भाजून-कुटून तयार. इथल्या अपार्टमेंटमध्ये सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो, आणि काही इमारतींत सगळ्यांना खाली रस्त्यावर उतरावं लागतं, जानेवारीतसुद्धा. दळलेला मसाला सामानात चालतो, फक्त विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत असं फॉर्मवर किंवा तोंडी सांगा, लपवलं तर दंड होतो. कढीपत्ता आणू नका, ताजा असो की वाळवलेला, काढून घेतात. चिकन-मटणाचा अंश असलेली सूपची, नूडल्सची पाकिटंही नकोत. मसाला दोन घट्ट पिशव्यांत, मग डब्यात, आणि डबा कपड्यांपासून लांब. उघडल्यावर बरणी फ्रीजरमध्ये ठेवा. खोबरं खवट होत नाही आणि पुढच्या जूनपर्यंत पुरतो.