काचेवरचा फोटो घरी: वेट प्लेट कशी करायची

वेट प्लेट म्हणजे फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेली, काचेवर फोटो काढण्याची पद्धत. यात एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, कोलोडियन (काचेवर थर धरणारं चिकट द्रावण) ओतल्यापासून डेव्हलप होईपर्यंत, म्हणजे चित्र उमटेपर्यंत, काच ओलीच राहिली पाहिजे, वाळली की संपलं. म्हणून आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी याच्या नादी लागू नका, सकाळी लवकर करा आणि डार्करूम कॅमेऱ्यापासून चार पावलांवर ठेवा.

त्याआधी सेफ्टी, हे मी अगदी मनापासून सांगतोय. सिल्व्हर नायट्रेट (काचेला उजेड टिपायला लावणारं रसायन) डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे गॉगल आणि ग्लोव्हज हवेतच. कोलोडियनमध्ये ईथर असतं, लगेच पेट घेतं, तेव्हा जवळपास गॅस, उदबत्ती, काही नको, खिडक्या उघड्या. जुने लोक फिक्सरला (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाला) पोटॅशियम सायनाइड वापरायचे, ते अजिबात करू नका, हायपोने (सोडियम थायोसल्फेट) काम मस्त होतं.

२ मिलीमीटरची साधी काच घ्या, कडा घासून बोथट करा, मग खडूची पूड, अल्कोहोल आणि पाणी कालवून दोन्ही बाजू चोळा. ही सफाई कंटाळवाणी आहे पण अर्धे डाग आणि पोपडे इथल्याच हलगर्जीपणामुळे येतात. कडेने अंड्यातल्या पांढऱ्याचा बारीक हात फिरवला तर थर सुटत नाही.

आता खरी मजा. काच एका कोपऱ्याला धरून आडवी ठेवा, आयोडाइड-ब्रोमाइड घातलेलं कोलोडियन मध्यभागी ओता, काच हळूहळू कलवत एकेका कोपऱ्यापर्यंत न्या आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत सोडा, सोडताना काच थोडी डोलवत राहा नाहीतर रेघा पडतात. कोपऱ्याला बोट लावलं तर ठसा उमटला पाहिजे पण बोटाला ओलं लागायला नको, हा क्षण उन्हाळ्यात काही सेकंदांतच येतो. लगेच लाल उजेडात ९ टक्क्यांच्या सिल्व्हर बाथमध्ये, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात, ३-४ मिनिटं बुडवा. बाहेर काढल्यावर तेलकट ओघळ दिसले तर परत बुडवा.

कॅमेऱ्याच्या होल्डरमध्ये (उजेड न शिरणाऱ्या चौकटीत) घालून एक्स्पोज करा. प्लेटचा स्पीड (उजेड टिपण्याची क्षमता) आयएसओ १ च्या आसपास, म्हणजे फारच कमी, म्हणून उन्हातही काही सेकंद लागतात, सावलीत त्याहून बरेच.

डेव्हलपर: ३५० मिली डिस्टिल्ड पाणी, १५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), १५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, १८ मिली अल्कोहोल. गरमीत ॲसिड जरा वाढवा म्हणजे वेग आवरतो. काचेच्या एका कडेवरून एका झोतात पसरवा, खाली सांडू देऊ नका, वरची चांदी वाहून जाते. १५ सेकंदांच्या आसपास चेहऱ्याचे उजळ भाग आले आणि सावलीत थोडं काही दिसू लागलं की भरपूर पाण्याने थांबवा, अजून थोडं येऊ दे म्हणत बसलात तर सगळं धुरकट होतं.

मग हायपो. दुधाळ निळसर थर विरघळत जातो आणि आतून पॉझिटिव्ह चित्र वर येतं, हे बघण्यासाठीच तर एवढी खटपट! अर्धा तास धुवा, उभी ठेवून वाळवा, काच कोमट करून सँडरॅकचं (एका झाडाच्या राळेचं) वार्निश चढवा. मागे काळा कागद लावला की चित्र नीट दिसतं.

बाथमध्ये हळूहळू ईथर-अल्कोहोल साठतं आणि प्लेट खराब यायला लागतात, तेव्हा ते काचेच्या बाटलीत कडक उन्हात ठेवा, काळा गाळ बसला की गाळून घ्या.