एका फोटोचे अनेक आकार: छायाचित्राचा आकार बदलण्याची रीत

चवथीला गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीचा, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या मांडवीचा, फोटो आता गोव्यात घरोघरी मोबाइलवर काढला जातो. पुढे तोच फोटो नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असतो, स्पर्धेच्या अर्जाला जोडायचा असतो, कधी देवस्थानच्या स्मरणिकेतही छापायचा असतो. या तिन्ही ठिकाणांची गरज वेगवेगळी असते. एकच फाइल सगळीकडे पाठवली, तर अर्जाच्या संकेतस्थळावर ती चढतच नाही आणि स्मरणिकेत छापून आल्यावर सुपारीचे घोस व कांगण्यांसारखी रानफळे यांचा नुसता लगदा दिसतो. आकार बदलण्याचे काम पाच-दहा मिनिटांचे असले, तरी ते योग्य क्रमाने करावे लागते. येथे तो क्रम गिम्प या मोफत सॉफ्टवेअरच्या आधारे सांगितला आहे. फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी त्यातील आज्ञांची नावे जागोजागी दिली आहेत.

आधी मोजमाप ठरवावे

डिजिटल छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी, आणि त्यातील प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने काढलेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. पडद्यावर पाहण्यासाठी एवढे पिक्सेल लागत नाहीत, कारण फुल एचडी पडदाच मुळी १९२० बाय १०८० पिक्सेलचा असतो. म्हणून केवळ पाहण्यासाठी पाठवायच्या फोटोची लांब बाजू १६०० ते १९२० पिक्सेल ठेवली की पुरे. ४००० बाय ३००० चा फोटो १६०० बाय १२०० केला, तर पिक्सेलांची एकूण संख्या १ कोटी २० लाखांवरून १९ लाख २० हजारांवर येते, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी होते, आणि फाइलही त्या मानाने हलकी होते.

छपाईचा हिशेब निराळा आहे. चांगल्या कागदावरच्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ४००० बाय ३००० चा फोटो सुमारे १३ बाय १० इंच छापता येतो, आणि ए४ आकाराचे पूर्ण पान भरायचे असल्यास २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. स्मरणिकेतील तीन इंच रुंदीच्या चौकटीला ९०० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. रस्त्याच्या कडेला लावायचा फ्लेक्स लांबून पाहिला जातो, त्यामुळे तेथे दर इंचाला ७२ ते १०० पिक्सेल असले तरी भागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फाइलमध्ये नोंदवलेला ‘रिझोल्यूशन’चा आकडा, मग तो ७२ असो की ३००, फोटोतील एकही पिक्सेल वाढवत किंवा कमी करत नाही, कागदावर तेच पिक्सेल किती जागेत पसरवायचे एवढीच ती सूचना असते. छापखान्यातून ‘३०० डीपीआयचा (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचा) फोटो पाठवा’ असा निरोप आला की ६०० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर ३०० हा आकडा टाकून तो पाठवला जातो; पण असा फोटो स्पष्टपणे दोन इंच रुंदच छापता येतो. गिम्पमध्ये केवळ हा आकडा बदलण्यासाठी ‘इमेज’ मेनूत ‘प्रिंट साइज’ ही वेगळी आज्ञा आहे. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइज’च्या चौकटीत ‘रीसॅम्पल’समोरची खूण काढून टाकली की तेच काम होते.

मूळ फाइल जपावी

काम सुरू करण्यापूर्वी मूळ फोटोची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि पुढील सर्व बदल त्या प्रतीवरच करावेत. लहान केलेल्या फोटोतून गेलेला तपशील पुन्हा मोठे करून परत येत नाही. शिवाय जेपेग हा प्रकारच असा आहे की फाइल लहान व्हावी म्हणून तो दर वेळी जतन करताना चित्रातील काही माहिती टाकून देतो. एकाच खोबऱ्याचा रस पुन्हा पुन्हा काढत गेल्यावर तो पातळ होत जातो, तसा वारंवार उघडून पुन्हा जतन केलेला जेपेग फोटो निस्तेज होत जातो. म्हणून प्रत्येक नवा आकार थेट मूळ फोटोवरून तयार करावा, आधीच्या लहान प्रतीवरून नव्हे.

गिम्पमध्ये ‘सेव्ह’ ही आज्ञा फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात ठेवते, तर जेपेग किंवा पीएनजी हवी असल्यास ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ वापरावे लागते. त्याच ‘फाइल’ मेनूत ‘ओव्हरराइट’ ही आज्ञाही दिसते. ती उघडलेल्या मूळ फाइलवरच नवा फोटो लिहिते, त्यामुळे तिच्यापासून सांभाळून राहावे.

कापणी आणि आकारबदल

प्रथम फोटोची कापणी करावी, कारण नको असलेला भाग काढून टाकल्यावरच उरलेल्या भागाला किती पिक्सेल मिळतात हे कळते. अर्जासाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो मागितला असेल, तर ‘क्रॉप’ हत्यार निवडून त्याच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’ समोर खूण करावी आणि ३५:४५ हे प्रमाण लिहावे. त्यानंतर चौकट कितीही ओढली तरी प्रमाण तेच राहते. दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने हा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो.

त्यानंतर ‘इमेज’ मेनूतील ‘स्केल इमेज’ उघडावे. एककाच्या रकान्यात पिक्सेल निवडून रुंदी लिहावी. रुंदी आणि उंची यांच्या शेजारी साखळीचे चिन्ह असते. ती साखळी जोडलेली असेल तर उंची आपोआप प्रमाणात बदलते. तुटलेली राहिली, तर केवळ रुंदी कमी होऊन मंगेशीच्या दीपस्तंभाचे सातही मजले ताणून उंच झाल्यासारखे दिसतील आणि माणसांचे चेहरे लांबट होतील. याच मेनूतील ‘कॅनव्हास साइज’ ही आज्ञा मात्र चित्राचा आकार बदलत नाही, ती फक्त भोवतीची जागा वाढवते किंवा कमी करते.

‘स्केल इमेज’च्या चौकटीत ‘इंटरपोलेशन’ असा पर्याय असतो. नवे पिक्सेल जुन्या पिक्सेलांवरून कोणत्या रीतीने काढायचे, हे तेथे ठरते. फोटो लहान करताना ‘नोहॅलो’ किंवा ‘लोहॅलो’ यांपैकी एक घ्यावे. ‘नन’ हा पर्याय छायाचित्रासाठी निवडू नये, कारण त्याने कडा करवतीच्या दात्यांसारख्या होतात. फोटोशॉपमध्ये लहान करण्यासाठी ‘बायक्यूबिक शार्पर’ निवडावे.

आकार बदलल्यावर कळफलकावरील १ हा आकडा दाबून फोटो शंभर टक्के आकारात पाहावा. पडद्यावर बसवलेल्या लहान दृश्यात दोष लपतात. बारीक, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी असेल तेथे विशेष लक्ष द्यावे. कुणबी साडीतल्या लाल-पांढऱ्या चौकटी, नळ्यांच्या छपरावरील ओळी किंवा मासेमारीचे जाळे लहान करताना त्यांवर मुळात नसलेले तिरके पट्टे उमटतात. असे दिसल्यास कंट्रोल आणि झेड दाबून एक पाऊल मागे यावे, ‘फिल्टर्स’मधील ‘ब्लर’ गटातून ‘गॉशियन ब्लर’ अगदी थोड्या प्रमाणात द्यावे आणि मग पुन्हा लहान करावे.

लहान झालेला फोटो किंचित मऊ दिसतो. त्यासाठी ‘फिल्टर्स’मधील ‘एन्हान्स’ गटात ‘शार्पन’ची, म्हणजेच ‘अनशार्प मास्क’ची आज्ञा आहे. तिची त्रिज्या एका पिक्सेलच्या आसपास ठेवावी आणि परिणाम हळूहळू वाढवावा. आकाशाला टेकलेल्या माडाच्या झावळ्यांभोवती पांढरी रेघ दिसू लागली की तेवढ्यावर थांबून थोडे मागे यावे. हे काम नेहमी आकार बदलल्यानंतरच करावे.

नाटकाच्या किंवा शिगम्याच्या जाहिरातीत फोटोवर मजकूरही असतो, आणि देवनागरीच्या बाबतीत तो अधिक नाजूक ठरतो. जाहिरात लहान करताना सर्वांत आधी अनुस्वार, रफार आणि उकार पुसट होतात, आणि मग कलाकाराचे नाव चुकीचे वाचले जाते. म्हणून फोटो आधी अंतिम आकाराचा करावा व अक्षरे नंतर त्यावर घालावीत. अक्षरे असलेले चित्र जेपेगऐवजी पीएनजीत जतन करावे. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून माहिती कमी करतो, आणि अक्षरांच्या कडेला त्यामुळे मळकट ठिपके येतात.

किलोबाइटची मर्यादा पाळताना

‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मध्ये फाइलच्या नावापुढे जेपीजी (जेपेगचेच लघुरूप) लिहून पुढे गेल्यावर ‘क्वालिटी’ची पट्टी दिसते. तिच्याजवळच्या ‘शो प्रिव्ह्यू’वर खूण केली की फाइल किती किलोबाइटची होईल ते तेथेच कळते. ९० पासून सुरुवात करून अर्जावर लिहिलेल्या मर्यादेत येईपर्यंत आकडा हळूहळू उतरवावा. तो ६० च्या खाली न्यावा लागत असेल, तर क्वालिटी आणखी उतरवण्याऐवजी पिक्सेल कमी करणे बरे. अर्थात अर्जात पिक्सेलही ठरवून दिले असतील तर तो मार्ग उरत नाही. अशा वेळी पार्श्वभूमीकडे पाहावे. झाडापानांसमोर काढलेल्या फोटोपेक्षा कोऱ्या भिंतीसमोर काढलेल्या फोटोची फाइल तेवढ्याच पिक्सेलांत बरीच लहान होते, कारण जेपेगला साठवायचा तपशीलच तेथे कमी असतो.

‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’च्या याच चौकटीत ‘एक्झिफ’ माहिती, म्हणजे फोटो केव्हा, कोठे व कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची नोंद, जतन करण्याचा पर्याय असतो. मोबाइलमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल, तर या माहितीत घराचा नेमका ठिकाणा असू शकतो. संकेतस्थळावर टाकायच्या फोटोसाठी ही खूण अवश्य काढावी.

फोटो मोठा करायचा असल्यास

येथे अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. सॉफ्टवेअर मोठ्या चित्रातील नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरते. दीडपट वाढ बहुधा निभावते, पण चौपट केलेला फोटो धूसर दिसतोच. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने फोटो कमालीचा स्पष्ट करून देतात, परंतु तो तपशील त्यांनी रचलेला असतो. दिवंगत नटाचा किंवा घरातील आजोबांचा जुना लहान फोटो अशा साधनातून मोठा केल्यास डोळे, ओठ, दात किंचित बदलतात आणि जवळच्या माणसांना तो चेहरा परका वाटतो. स्मरणिकेसारख्या, पुढे दाखला म्हणून पाहिल्या जाणाऱ्या ठिकाणी असा फोटो वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. कागदावरचा मूळ फोटो घरात असेल, तर तोच पुन्हा स्कॅन करावा. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, आणि ते जवळजवळ पूर्ण पानाला पुरतात.

अनेक फोटो एकदम

जत्रेचे शेकडो फोटो एकाच आकाराचे करायचे असल्यास विंडोजवरील इरफानव्ह्यू हे साधन सोयीचे आहे. त्यातील ‘बॅच कन्व्हर्जन’मध्ये लांब बाजूचे माप एकदा लिहावे, लहान फोटो मोठे न करण्याच्या पर्यायावर खूण करावी आणि तयार फोटोंसाठी वेगळा फोल्डर निवडावा.

तयार फाइलच्या नावात उपयोग आणि माप लिहून ठेवावे, उदाहरणार्थ ‘माटोळी-स्मरणिका-९००’. छापखान्याला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची असेल, तर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे वाटेत तिचे पिक्सेल कमी होत नाहीत.