फटका डाळ, सांभाराची जुडी अन् फौजीचा डीए

मंगळवारी आमच्या गावचा बाजार. काखेत फाइल अन् पिशवीत छोटा वजनकाटा घेऊन मी निघालो की पानठेल्यावरून हाक ठरलेली. तिथं आमचेच तीन-चार पेन्शनर फौजी बसलेले असत. "हवालदारसाहेब, डायीचा भाव जराक चढवून लिवा नं बापा. आमचा डीए वाढंन!"

चोवीस वर्षं फौजेत क्लार्की केली, त्यातली बरीचशी पगारबिलांत गेली. घरी आल्यावर चार वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावपासून तासाभराच्या या टापूत सरकारी सर्वेसाठी भाव टिपायचं कंत्राटी काम केलं. आता तेच काम माझ्या पुतणीला लागलंय. तिला ओसरीवर बसून जे सांगितलं तेच इथं लिहितो. कुणाला स्वतःच्या घरासाठी भावाची वही ठेवायची असली तरी पद्धत हीच.

आधी पानठेल्याचा गैरसमज काढू. फौजीचा महागाई भत्ता, म्हणजेच डीए, निघतो तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. निर्देशांक म्हणजे ठरलेल्या वस्तूंचे भाव पायाभूत वर्षाच्या मानानं किती चढले ते सांगणारा आकडा. तो केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो काढतो. पायाभूत वर्ष २०१६, देशभरातली ८८ केंद्रं, ३१७ बाजार. आपल्याकडचं नागपूर त्यात आहे. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, बंदरं अशा ठिकाणच्या कामगाराचं घर काय घेतं, ते त्यात धरतात. गावचे भाव जातात वेगळ्या, ग्रामीण निर्देशांकात. २०१२ च्या मालिकेत त्यासाठी १,१८१ गावं निवडली होती. म्हणजे सीमेवरच्या पोराचा भत्ता शहरी कामगाराच्या बाजारावर ठरतो, अन् त्याची बायको जिथं तेल-मीठ घेते तो आमचा मंगळवारचा बाजार त्या हिशेबात नाहीच. मला हे खटकतं. पण डाळीचा भाव चढवून लिहिल्यानं ते दुरुस्त होत नाही, उलट आपलं गाव खोटं पडतं.

आता काम. पहिली गोष्ट दुकान निवडायची. आपल्या ओळखीचं, चहा पाजणारं दुकान निवडू नका. लोक जिथं जातात ते निवडा. अमेरिकी फौजेत परदेशी नेमलेल्या सैनिकाला राहणीखर्चाचा वेगळा भत्ता मिळतो, त्यांची यातली रीत मला पटली. साधारण तीन वर्षांनी ते आधी सैनिकांच्या घरांनाच विचारतात की काय कुठून घेता, छावणीच्या दुकानातून किती अन् बाहेरच्या बाजारातून किती. मग दरवर्षी त्या-त्या दुकानांतून सुमारे १२० वस्तूंचे भाव टिपून मायदेशच्या भावांशी ताडून पाहतात. आमच्याकडं पाहा, फौजीच्या घरात साबण, चहापत्ती कँटीन कार्डावर येते, भाजी बाजारातून, डाळ मात्र बहुतेकदा शेतातली. कँटीनचा भाव गावच्या भावात घुसडला तर सगळा हिशेब बिघडला. रेशनचंही तसंच. १ जानेवारी २०२३ पासून रेशनकार्डावरचं धान्य फुकट मिळतं, म्हणून त्याला स्वतःचा रकाना. किराणा दुकानातल्या गव्हाशी त्याची सरासरी मारायची नाही.

दुकान ठरलं की ते सोडायचं नाही. वारही तोच, वेळही जवळपास तीच. सकाळी नऊची वांगी अन् संध्याकाळी सहाची वांगी यांचा भाव एक नसतो. उन्हाळ्यात तर दिवे लागायच्या वेळी बाई अर्ध्या भावात टोपली रिकामी करते. मी कायम अकराच्या सुमारास जायचो, गर्दी ओसरून दुकानदाराला बोलायला फुरसत असते तेव्हा. दुकान बंद असेल तर शेजारच्याचा भाव लिहून मोकळं होऊ नका. आधीच ठरवून ठेवलेलं दुसरं दुकान गाठा अन् शेऱ्यात तसं लिहा.

सगळ्यात जास्त घोळ वस्तूच्या वर्णनात होतो. "तूर डाळ, १ किलो" हे वर्णनच नव्हे. फटका की साधी, सुटी की पाकिटातली, पॉलिशची की बिनपॉलिशची, हे पहिल्या महिन्यात ठरतं अन् मग महिनोन्महिने तीच डाळ विचारायची. एकदा आमच्या दुकानदाराकडची फटका संपली होती. त्यानं साध्या डाळीचा भाव सांगितला, तो कमी होता, मी लिहिला. कागदावर गावात डाळ स्वस्त झाली! प्रत्यक्षात फक्त पोतं बदललं होतं. तेव्हापासून मी भाव विचारायच्या आधी डाळ हातात घेतो. फटका डाळीचा दाणा पिवळाधमक, गुळगुळीत अन् न तुटलेला असतो. साधी जरा मळकट, मध्ये तुकडे अन् चुरा. ठरलेली वस्तू मिळतच नसेल तर तिच्या जवळची घ्या, पण "वस्तू बदलली" हे लिहा. ते दोन शब्द विसरणारा माणूस या कामाचा नाही.

आता सांभाराची गोष्ट. पुण्याकडचे वाचक असतील तर सांगतो, आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात मी सलग चार महिने लिहिलं : सांभार, एक जुडी, दहा रुपये. वरून फोन आला, "तुमच्या गावात पावसाळ्यात सांभार महाग होत नाही का हो?" मी ठसक्यात म्हणालो, "दहाच रुपये आहे साहेब, मी स्वतः विचारलं." फोन ठेवला अन् लक्षात आलं की जुडी आता मुठीत मावत होती. बाई भाव बदलत नाही, जुडी बदलते. २५० ग्रॅमची जुडी दहाला म्हणजे ४० रुपये किलो. तीच १५० ग्रॅमची झाली तर जवळजवळ ६७ रुपये किलो. दुसऱ्याच दिवशी हातात धरायचा काटा विकत घेतला. तेव्हापासून जुडी असो की वाट्यानं मांडलेली वांगी, तीन बाईंकडचे तीन नग वजन करायचे अन् भाव किलोवर आणायचा. वजन करायच्या आधी एखादी जुडी विकत घ्या. नुसतं तोलत बसलात तर बाई विचारते, "काहून जी, घ्यायचं नाही त कायले तोलता?" अन् तिचं बरोबर असतं.

दुकानातल्या पाकिटांतही जुडीचीच चाल असते. पाच रुपयाचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचाचाच राहतो, आतले ग्रॅम घटतात. तेलाची पिशवी तर डोळ्यांत धूळ फेकते. एक लिटर सोयाबीन तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण शेजारी तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी लटकलेली असते. म्हणून पाकीट उलटं करून निव्वळ वजन वाचा, किंमत नंतर. छापील किंमतही लिहायची नाही. गिऱ्हाइकानं खरंच किती दिले ते लिहायचं. आमच्या गावात छापील ३० ची वस्तू २८ ला सर्रास मिळते. ओळखीच्याला मिळालेली खास सूट धरायची नाही, सगळ्यांना मिळते ती धरायची.

चक्कीचं दळण, कटिंग, शिलाई यांना वजन नसतं, म्हणून तिथं काम नेमकं ठरवा. मोठ्या माणसाची साधी कटिंग, दाढी सोडून. आमच्या कटिंगवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "तुमच्याकून काय घ्याचं साहेब?" त्याला सांगावं लागतं, मी नाही, परवा आलेल्या अनोळखी माणसाकडून किती घेतलेस ते सांग. घरभाड्याच्या मागं आम्ही गावात लागत नव्हतो. कामगारांच्या निर्देशांकात ते सहा महिन्यांनी टिपतात, २०१२ च्या ग्रामीण मालिकेत ते नव्हतंच.

भाव मागच्या महिन्यापेक्षा फार उडाला किंवा फार पडला तर लगेच खोडू नका. दुकानदाराला कारण विचारा. नवा माल आला, रस्ता बंद होता, लग्नसराई होती, काहीतरी असतंच. ते एका ओळीत शेऱ्यात लिहा. मागचा कागद पाहून नवा भाव बसवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांचे आकडे सुरेख दिसतात, ओळीनं चढलेले. खरा बाजार असा ओळीनं कधी चालत नाही.

घरी बसून भत्त्याचा हिशेब करून पाहायचा असेल तर तोही अवघड नाही. बारा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी काढा, तिला २.८८ नं गुणा म्हणजे ती जुन्या २००१ च्या पायावर येते. त्यातून २६१.४२ (सातव्या वेतन आयोगाचा पगार लागू झाला तेव्हाची बारा महिन्यांची सरासरी) वजा करा, उरलेल्याला २६१.४२ नं भागा अन् शंभरनं गुणा. २०२४ च्या बारा महिन्यांची सरासरी १४१.५८ च्या आसपास येते. गणित केलं तर उत्तर ५५.९८ टक्के. जानेवारी २०२५ पासून डीए मिळाला ५५ टक्के, कारण दशांश सोडून देतात. फौजीचा डीए मूळ पगार अधिक मिलिटरी सर्व्हिस पे (फौजी नोकरीसाठी मिळणारी वेगळी रक्कम) यांवर लागतो. जवान अन् जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) हा पे ५,२०० रुपये आहे. मूळ पगार समजा ३५,००० असेल तर एक टक्का म्हणजे महिन्याला ४०२ रुपये.

हे मी एका मंगळवारी पानठेल्यावर मागच्या कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. सगळ्यांत म्हातारे सुभेदारसाहेब बराच वेळ त्या ५५.९८ कडं पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नागपूरवाल्यानं जुडी नीट तोलली असती त छप्पन्न झाले असते?"

तोलली नसेलच असं नाही, मी म्हणालो, अन् काटा पिशवीत टाकून भाजीच्या ओळीकडं निघालो.