घर जळालं की नुसतं "शॉर्टसर्किट" म्हणून सोडून देऊ नका, असं बघा

घराला आग लागली की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, शॉर्टसर्किट. मी वायरिंगची कामं करतो, जळालेली घरं पण बघितलीत, आणि मला फार वाईट वाटतं की हा शब्द कागदावर आला की शोध तिथंच थांबतो. अहो आगीत वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळालं की आतल्या फेज न्यूट्रल या दोन तारा एकमेकांना चिकटणारच, म्हणजे शॉर्ट बऱ्याचदा आग लागल्यावर झालेलं असतं.

आत पाय ठेवायच्या आधी सप्लाय तोडून घ्या. नुसता मेन स्विच पाडून भागत नाही, इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असताना पण तो वायरिंगला २३० व्होल्ट देत राहतो, आणि सोलर असेल तर दिवसा पॅनलच्या वायरी जिवंतच असतात. पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर होईपर्यंत झाडलोट नको. प्रत्येक खोलीचे चारी कोपऱ्यांतून फोटो, मग बोर्ड आणि डीबीचे (सगळ्या सर्किटचे स्विच असतात ती पेटी) जवळून, कुठली एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडलीय ते हात लावायच्या आधी टिपून ठेवा (आगीच्या नुसत्या गरमीनं पण एमसीबी पडते, त्यामुळं त्यावरून लगेच काही ठरवू नका).

वायरी नंतर, आधी आग कुठनं सुरू झाली ते. कमी जळालेल्या भागाकडनं जास्त जळालेल्याकडं जायचं, भिंतीवर काजळीचा व्ही दिसतो का आणि त्याचं खालचं टोक कुठं येतं ते बघायचं, पण गादी किंवा कपड्यांचं कपाट असेल तिथं आग भडकतेच म्हणून जास्त जळालेली जागा तीच सुरुवात असं धरायचं नाही. घरच्यांना विचारा, काय काय चालू होतं, आधी दिवे लुकलुकत होते का, जळका वास यायचा का. निरांजन, उदबत्ती, गॅस हे तपासून बाजूला काढल्याशिवाय विजेचं नाव घेऊ नका.

आता वायरीतलं तांबं. ते १०८५ डिग्रीला वितळतं, ॲल्युमिनियम ६६० लाच, त्यामुळं ॲल्युमिनियम ओघळलं यातनं काहीच कळत नाही. तांब्याच्या टोकाला गुळगुळीत गोल मणी आणि त्याच्या लगेच मागं तार जशीच्या तशी, तर तिथं स्पार्क झालाय. तार लांबवर पातळ होत ओघळलीय तर ते बहुतेक आगीनं. पण मणी एवढंच सांगतो की त्या वेळी वायरीत करंट होता. एकाच सर्किटवर दोन तीन मणी सापडले तर मीटरपासनं सगळ्यात लांबचा बहुधा आधीचा, कारण तार मधेच तुटली की पुढं करंट जातच नाही.

आणि लूज कनेक्शन, हे सगळ्यात जास्त सुटतं. एका घरी गीझरचा सॉकेट बाहेरनं नुसता काळवंडलेला, उघडला तर आत एका स्क्रूभोवतीचं प्लास्टिक पार कोळसा, बाजूचे दोन स्क्रू मात्र चकचकीत. स्क्रू नीट आवळलेला नव्हता. १० अँपिअर चालू असताना सैल जोडावर ५ व्होल्ट पडले तरी ५० वॅट गरमी होते, तीही बोटाच्या पेरावर, आणि २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न काय करतं ते तुम्हाला माहितीय. करंट नेहमीएवढाच असतो म्हणून १६ अँपिअरची एमसीबी पडत नाही. एकाच पिनीचा रंग बदललाय, एकाच स्क्रूची जागा खोल जळालीय, तर तिथं थांबा.

संशयाची वायर पंचनाम्यानंतरच कापायची, दोन्ही बाजूला फूटभर जास्त ठेवून, कुठनं काढली ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत. मणी घासून साफ करू नका. कुणाचा जीव गेला असेल किंवा इजा झाली असेल तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, त्यांना ती पिशवी आहे तशीच दाखवा.